धान्य गेले, रोकड आली : कारभारणीने मांडावयाचा हिशेब



एरवी मी आपणांशी बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय शेताच्या बांधावरचा नसून घरातल्या कणगीचा आहे. सरकारकडून मिळणारी मदत कमी झाली, थांबली किंवा तिचे रूप बदलले, तर शेतकऱ्याच्या घरात काय घडते, हे आज पाहू. वर्तमानपत्रात अशी बातमी चार ओळींत संपते. घरात मात्र ती अनेक महिने चालू राहते आणि तिचा हिशेब घरच्या कारभारणीलाच मांडावा लागतो.

उदाहरण आपल्याच भागातले घेतो. विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा हे सहा जिल्हे आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे, असे हे १४ जिल्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्यांची नावे साऱ्या देशाला ठाऊक झाली. त्यांतल्याच एका तालुक्यात माझी निम्मी नोकरी झाली आहे.

दोन रुपये गहू, तीन रुपये तांदूळ

आपल्या राज्यात १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या : पिवळी, केशरी आणि पांढरी. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. तो महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्या वेळी केशरी कार्डवाल्यांचे दोन गट पडले. ज्यांचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार रुपयांच्या आत होते, ती कुटुंबे ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून कायद्यात आली. उरलेली केशरी कार्डवाली कुटुंबे बाहेर राहिली. कार्डाचा रंग एकच, पण एकाला धान्य आणि दुसऱ्याला नाही! आजही गावात पुष्कळांना याचा उलगडा झालेला नाही. “शेजारणीचंही कार्ड केशरीच आहे, मग तिला मिळतं आणि मला का नाही?” हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला गेला आहे.

कायद्याबाहेर राहिलेल्या या गटात शेतकरी पुष्कळ होते. चार-पाच एकर कोरडवाहू जमीन नावावर आहे म्हणून कागदावर ते बरे दिसत होते. मग सलग दुष्काळाची वर्षे आली. तेव्हा २०१५ च्या ऑगस्टपासून राज्य सरकारने या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही माणशी दरमहा ५ किलो धान्य देण्यास सुरुवात केली. भाव गव्हाला २ रुपये आणि तांदळाला ३ रुपये किलो. पाच माणसांच्या घराला साठ-सत्तर रुपयांत २५ किलो धान्य मिळू लागले. सात वर्षे हे चालले. सात वर्षे चाललेल्या गोष्टीवर माणूस संसाराची घडी बसवतो, हे ध्यानात ठेवा.

धान्य का थांबले?

२०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये उत्तर भारतात उष्णतेची लाट आली आणि गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळीच पीक होरपळले. त्यातच युक्रेनच्या युद्धामुळे बाहेरच्या बाजारात गव्हाचे भाव चढले. आदल्या वर्षी सरकारने ४३३ लाख टन गहू खरेदी केला होता. त्या वर्षी खरेदी १८८ लाख टनांवरच अडकली. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. कायद्याखालच्या लोकांना धान्य देणे सरकारला बंधनकारक होते. आपल्या १४ जिल्ह्यांची योजना मात्र कायद्याबाहेरची होती. केंद्राकडून तिच्यासाठी येणारा गहू थांबला आणि मागोमाग तांदूळही थांबला.

शेतकरी मंडळींनी यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कायद्याने मिळालेला हक्क आणि सरकारी निर्णयाने मिळालेली सवलत यांत मोठा फरक असतो. कोठारात माल मुबलक असतो तोवर तो दिसत नाही. माल कमी पडला की सवलत आधी जाते.

पुढे २८ फेब्रुवारी २०२३ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला. त्यानुसार जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये, म्हणजे वर्षाला १८०० रुपये, थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावयाचे ठरले. खाते घरातील कुटुंबप्रमुख स्त्रीचे असावे, अशी अटही घातली. ती अट चांगली होती. २०२४ मध्ये रक्कम १७० रुपये झाली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. कायद्याखालच्या पिवळ्या आणि प्राधान्य गटातील केशरी कार्डांचे धान्य १ जानेवारी २०२३ पासून संपूर्ण मोफत झाले. त्याच महिन्यापासून शेतकऱ्याच्या केशरी कार्डाचे धान्य जाऊन त्या जागी रोकड आली. तीही खात्यात पोहोचायला पुढचे महिने लागले. २०२२ च्या उत्तरार्धात धान्य थांबल्यापासून वर्ष संपेपर्यंत जो काळ गेला, त्यात ना धान्य होते ना पैसा. त्या महिन्यांची भरपाई कोणत्याच हिशेबात नाही.

कागदावरचा हिशेब आणि घरातला हिशेब

मी सरकारी नोकर आहे आणि हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा असे मला वाटते. १५० रुपयांना ५ किलो, म्हणजे किलोमागे ३० रुपये झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याला ७५० रुपये. बाजारात गहू ३० रुपये किलोने मिळत असेल, तर २५ किलो गहू बरोबर त्याच पैशात येतो. शिवाय दुकानात भरावे लागणारे साठ-सत्तर रुपयेही वाचतात. गव्हाऐवजी ज्वारी घ्यायची मुभा मिळते. किडका, खडा-मातीचा माल आला म्हणून कुरकुर करावी लागत नाही. दुकानाच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरावे लागत नाही. कागदावर हा सौदा वाईट नाही.

आता घरातला हिशेब पाहू. गव्हाचा हमीभाव २०२३-२४ च्या हंगामाला क्विंटलला २१२५ रुपये होता, तो २०२६-२७ च्या हंगामासाठी २५८५ झाला. म्हणजे शंभराला एकवीस-बावीस रुपयांची वाढ. रोकड मात्र १५० ची १७० झाली, म्हणजे शंभराला तेरा-चौदा रुपयांची वाढ. दुकानातले ५ किलो नेहमी ५ किलोच राहतात, भाव कितीही चढो. रोकड जागेवर राहते आणि तिच्यात मावणारे धान्य दर वर्षी थोडे कमी होते.

दुसरे असे की, धान्य महिन्याच्या महिन्याला घरी येते. पैसा कधी येतो, कधी चार महिन्यांचा एकदम येतो, कधी आला की नाही हेच कळत नाही. खाते आधारला जोडलेले नसेल, नावात एका अक्षराचा फरक असेल, तर तो अडकतो. बँक गावापासून दहा-बारा किलोमीटरवर असेल, तर चौकशीला जाण्यात एक रोज बुडतो आणि गाडीभाडे वेगळे.

मावशींचे म्हणणे

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी एका वस्तीवर पीक कापणी प्रयोगासाठी गेलो होतो. काम आटोपल्यावर शेतमालकाच्या आईने चहाला थांबवून घेतले. घरात त्या, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. जमीन साडेतीन एकर, सगळी सोयाबीन आणि कपाशीखाली. बोलता बोलता रेशनच्या पैशांचा विषय निघाला. मी विचारले, “मावशी, पैसे येतात ना खात्यावर?”

“आले की,” त्या म्हणाल्या, “चार महिन्यांचे तीन हजार एकदम आले. त्याच आठवड्यात नातवाला ताप चढला. गोळ्यानं उतरंना, मग तालुक्याला खासगी दवाखान्यात नेला. रक्त तपासलं, दोन बाटल्या लावल्या. पैसे तिथंच गेले. पोरगं बरं झालं, देवाची कृपा. पण गहू किराणा दुकानातून उधारीवर आणला. ती उधारी आता या सोयाबीनमधून फेडायची.”

मी म्हणालो, “पण मावशी, पैसे होते म्हणून तर उपचार झाला.”

त्या म्हणाल्या, “खरं आहे, साहेब. पण पोतं असतं तर ते कुणी दवाखान्यात नेलं नसतं. पोरासाठी पैसा कुठून तरी उभा केलाच असता आणि घरात खायलाही राहिलं असतं.”

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना हिशेब शिकवतो आहे. त्या दिवशी मला हिशेब शिकवला गेला. घरात पैसा आला की त्याला पन्नास वाटा फुटतात. औषध, मुलांची फी, फवारणीचे औषध, लग्नाचा आहेर. ज्याची नड मोठी त्याच्याकडे तो जातो. धान्याला एकच वाट, ती चुलीकडे. म्हणून धान्य बंद करून रोकड दिली, तर रक्कम पुरी असली तरी ताटातली भाकरी कमी होऊ शकते. आणि ती कमी होते तेव्हा कोणाची आधी होते, हे भगिनींना मी सांगायला नको. सर्वांच्या शेवटी जेवायला कोण बसते?

कार्ड एकच, दार दोन

अन्न आणि आजारपण ही दोन्ही एकाच घरात राहतात. म्हणून आता दवाखान्याच्या विम्याकडे वळू. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून ती राज्यभर आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. आपल्या १४ जिल्ह्यांत पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सात-बारा दाखवून तिचा लाभ घेता येऊ लागला. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते ५ लाख रुपयांपर्यंत झाले आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना खुले झाले. येथे मदत कमी न होता वाढली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हा विमा ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, तपासणीची फी आणि बुडालेला रोज त्यात येत नाहीत. मावशींच्या नातवाचा खर्च याच प्रकारातला होता. शेतकऱ्याचे घर मोठ्या शस्त्रक्रियेने जसे खचते, तसेच अशा लहान-लहान खर्चांनीही झिजते.

दुसरी, या दोन्ही दारांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे शिधापत्रिका. कार्डावरून एखादे नाव गळाले, सुनेचे नाव चढवायचे राहिले, जन्मलेल्या बाळाची नोंद झाली नाही, तर त्या माणसाचे धान्य किंवा रोकड जाते आणि दवाखान्यातही ऐन वेळी अडचण उभी राहते. ‘केशरी कार्डावर आता धान्यच येत नाही, मग कशाला धावाधाव?’ असे म्हणून ज्यांनी कार्डाकडे दुर्लक्ष केले, त्यांनी दोन्ही दारे स्वतःच ओढून घेतली असे होईल.

इतरत्र काय घडले

ही गोष्ट आपल्याकडेच घडली असे नाही. झारखंडमध्ये रांचीजवळ नगडी नावाचा भाग आहे. तेथे २०१७ च्या ऑक्टोबरात रेशनच्या तांदळाऐवजी खात्यात पैसे जमा करण्याचा प्रयोग झाला. लोकांनी आधी बँकेतून पैसे काढायचे आणि मग त्याच रेशन दुकानातून ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा! पैसे जमा झाले का हे पाहायला बँकेत खेपा, तेथे रांगा, मग दुकानात रांगा. पूर्वी एका खेपेत होणारे काम कित्येक खेपांचे झाले. लोक चालत रांचीला गेले, त्यांनी गाऱ्हाणे मांडले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो प्रयोग मागे घेण्यात आला. गावाने एकत्र येऊन नीट कारण दाखवून सांगितले, तर सरकारलाही ऐकावे लागते, हा यातला बोध आहे.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही हाच प्रश्न उभा आहे. तेथे गरिबांसाठी ‘मेडिकेड’ नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे आणि धान्य-किराण्यासाठी वेगळी मदत आहे. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने दोन्हींवरचा खर्च मोठ्या प्रमाणात कमी करण्याचे ठरले. विम्यासाठी अनेक धडधाकट प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचे दाखवावे लागेल, अशी अट घातली गेली. अशी अट आर्कान्सा या शेतीप्रधान राज्याने २०१८ मध्येच लावून पाहिली होती. काही महिन्यांतच १८ हजारांवर माणसांचा विमा गेला. त्यांतले अनेक जण काम करणारेच होते, पण दर महिन्याची नोंद त्यांना वेळेवर भरता आली नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

देश वेगळा, भाषा वेगळी, पण रीत ओळखीची वाटते ना? मदत काढून घेताना तोंडावर ‘नाही’ असे क्वचितच म्हटले जाते. एक कागद वाढतो, एक मुदत पडते. ज्याला ती कळत नाही तो यादीतून गळतो आणि त्याला वाटते की चूक आपलीच झाली.

आम्हां शेतीवाल्यांचाही दोष

आता थोडे स्वतःविषयी. मी नोकरीला लागलो तेव्हा या भागात खरिपात ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि रब्बीत पुन्हा ज्वारी असे. घराला लागणारा दाणा घरचा होता आणि बैलांना कडबा. संकरित ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडे, भाव मिळत नसे. म्हणून आम्ही सोयाबीन सांगितली. सांगितली ती चूक होती असे मी म्हणत नाही. तिने हाती पैसा दिला. पण ‘एखादा एकर घरच्या दाण्यासाठी राखा’ हे वाक्य आम्ही पुरेशा जोराने सांगितले नाही. शेतकरी असून दाणा विकत घ्यायचा, ही पाळी त्यातून आली. मग रेशनचे धान्य थांबले तेव्हा आधाराला घरची कणगी नव्हती.

काय करावे?

पहिले काम कार्डाचे. आपली शिधापत्रिका कोणत्या गटात आहे, ते दुकानदाराला किंवा तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत विचारून घ्या. घरातील प्रत्येकाचे नाव चढले आहे का आणि ई-केवायसी झाली आहे का, ते पाहा. माहेरच्या कार्डावरून नाव कमी करून सासरच्या कार्डावर चढवायचे राहिलेल्या सुना प्रत्येक गावात सापडतील. हे काम आजारपण येण्याआधी करावयाचे आहे.

दुसरे काम खात्याचे. कारभारणीचे खाते आधारला जोडलेले आहे का, ते बँकेत विचारा आणि दर तीन महिन्यांनी पासबुक भरून आणा. रक्कम आली नसेल तर तोंडी विचारण्यावर थांबू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि त्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे पावती नसलेले बियाणे! बचतगटाने सर्वांचे अर्ज एकत्र नेले तर एकीचाच रोज बुडेल आणि दहाजणींचे काम होईल.

तिसरे, रेशनची रोकड हाती येताच आधी धान्य भरा. चार महिन्यांचे पैसे एकदम आले तर चार महिन्यांचा दाणा एकदम घ्या. सुगीनंतर भाव उतरलेले असतात. तेव्हा चार घरांनी मिळून पोती आणली तर अधिकच स्वस्त पडते. दाणा कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या कोठीत भरावा.

चौथे, घरची ज्वारी. भारी किंवा मध्यम जमीन असेल तर एक एकरात रब्बी ज्वारी घ्या. ‘मालदांडी’ किंवा ‘परभणी मोती’ चालेल. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, जमिनीत ओल असताना करावी. कोरडवाहूतही साधारण चार ते सहा क्विंटल दाणा पदरात पडतो. पाच माणसांच्या घराच्या वर्षाच्या भाकरीचा मोठा वाटा त्यातून निघतो आणि कडबा वेगळा. दाराशी सांडपाण्यावर शेवग्याची दोन झाडे आणि वाफाभर पालेभाजी असू द्या.

पाचवे, आपल्या तालुक्यात योजनेत असलेले रुग्णालय कोणते, ते आजच विचारून दाराच्या आत लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता पोटात दुखू लागल्यावर शोधाशोध करण्यात जे गाठेल त्या दवाखान्यात माणूस जातो आणि तेथे विमा चालत नाही.

आणि शेवटचे, ग्रामसभा. धान्य हवे की रोकड, ती किती आणि कोणत्या तारखेला, हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. मदत म्हणजे उपकार नव्हे. देशाचे कोठार तुमच्याच पिकाने भरते. ग्रामसभेत बायकांनी हा विषय काढावा. गावातल्या किती कुटुंबांना रोकड मिळते, किती महिन्यांची अडली, किती नावे गळाली, याची यादी करून ठरावासोबत पाठवावी. नुसत्या गाऱ्हाण्यापेक्षा आकड्यांसह केलेल्या ठरावाला वजन असते.

यंदाच्या रब्बीत त्या मावशींच्या मुलाने एक एकर ज्वारी पेरली आहे. परवा मी पाहायला गेलो तेव्हा पीक पोटरीत होते. मावशी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, “साहेब, पैसे येवोत न येवोत, हा दाणा काही बँकेत अडकायचा नाही.”

आपल्याही शिवारात असा एक एकर असू द्या आणि कार्डही नीट असू द्या. सरकारने आपले काम करावे म्हणून आग्रह धरायचा आणि घरची कणगीही रिकामी ठेवायची नाही, हीच शहाण्या शेतकरी कुटुंबाची रीत आहे.